मोटारगाडीतील इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन प्रणालीचे वारंवार होणारे बिघाड

इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन प्रणाली म्हणजे पेट्रोल एंजिनात इंधन व हवेचे मिश्रण पेटविणारी ठिणगी ट्रान्झिस्टरच्या साह्याने योग्य क्षणी निर्माण करणारी विद्युत यंत्रणा होय. तिच्यातील ट्रान्झिस्टर असलेल्या डबीस मॉड्यूल किंवा इग्नायटर म्हणतात. डिस्ट्रिब्युटर असलेल्या जुन्या मोटारगाड्यांत हे मॉड्यूल पुनःपुन्हा निकामी होण्याचा अनुभव अनेक मालकांना येतो. एक मॉड्यूल जळणे हा त्या भागाचाच दोष असू शकतो. परंतु नवे बसविल्यानंतर काही आठवड्यांत वा महिन्यांत तेही गेले, तर मूळ कारण बहुधा मॉड्यूलमध्ये नसून त्याच्या भोवतालच्या मंडलात असते. न जुळणारी कॉइल, सैल अर्थिंग, अति उष्णता, अल्टरनेटरचा वाढलेला दाब आणि तुटलेल्या प्लग वायरी ही त्याची नेहमीची कारणे होत. पुष्कळदा तर काढून टाकलेले मॉड्यूल जळालेलेही नसते. दुसऱ्याच भागातील अधूनमधून दिसणाऱ्या दोषामुळे ते बदलले गेलेले असते.

पार्श्वभूमी

चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेली बॅटरी व कॉइलवर चालणारी प्रज्वलन पद्धती १९१० च्या कॅडिलॅक गाड्यांत आली आणि पुढे सुमारे साठ वर्षे जगभरच्या मोटारींत तीच रूढ राहिली. या पद्धतीत डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंट उघडले की कॉइलमधील प्रवाह तुटतो आणि ठिणगी पडते. पॉइंट झिजतात, त्यांच्या तोंडावर खड्डे पडतात, त्यांतील अंतर बदलते. त्यामुळे काही हजार किलोमीटरनंतर ते घासावे वा बदलावे लागतात. हा त्रास टाळण्यासाठी पॉइंटांचे काम ट्रान्झिस्टरकडे देण्याचे प्रयत्न झाले. अमेरिकेत पॉन्टियॅक गाड्यांसाठी १९६३ मध्ये ट्रान्झिस्टर प्रज्वलन पर्याय म्हणून उपलब्ध झाले. क्रायस्लर कंपनीने १९७१ पासून पॉइंट नसलेली प्रणाली काही गाड्यांत दिली व १९७३ पासून ती आपल्या सर्व गाड्यांत प्रमाणित केली.

भारतात हा बदल उशिरा झाला. मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही मूळ फियाट ११०० डिलाइटच्या रचनेची गाडी होती. १०८९ घन सेंमी क्षमतेच्या तिच्या एंजिनाचे प्रज्वलन पॉइंटवर चालत असे. अनेक मालकांनी पुढे तिच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटांच्या जागी बाजारात मिळणारे इलेक्ट्रॉनिक संच बसविले. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर अधिकृतपणे हद्दपार झाल्या. खाजगी मालकीच्या पद्मिनी मात्र राज्यभर जपलेल्या आढळतात. मारुती उद्योगाच्या कार्ब्युरेटर असलेल्या अनेक गाड्यांत संकेत देणारी कॉइल व इग्नायटर डिस्ट्रिब्युटरमध्येच बसविलेले असत. १ एप्रिल २००० पासून देशभर लागू झालेल्या उत्सर्जन मानकांनंतर कार्ब्युरेटर मागे पडले आणि प्रज्वलनाचे नियंत्रण हळूहळू एंजिनाच्या संगणकाकडे गेले. प्रस्तुत लेखातील विवेचन या दोन टप्प्यांच्या मधल्या काळातील गाड्यांना आणि नंतर संच बसविलेल्या पॉइंटच्या गाड्यांना लागू होते.

दुचाकी दुरुस्तीच्या सवयीमुळे गॅरेजमध्ये प्रज्वलनाच्या कोणत्याही डबीला अनेकदा सरसकट ‘सीडीआय’ म्हटले जाते. वस्तुतः सीडीआय पद्धतीत ऊर्जा संधारित्रात साठविली जाते, तर वरील मोटारींत ती कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रात साठते. दोहोंच्या कॉइल वेगळ्या असून त्या परस्परांना लावता येत नाहीत.

कार्यपद्धती

किल्ली फिरविल्यावर बॅटरीचा प्रवाह कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यातून मॉड्यूलमध्ये व तेथून अर्थिंगमध्ये जातो. डिस्ट्रिब्युटरच्या दांड्यावर रिलक्टर नावाचे दातेरी चाक असते. त्याचा दात संकेत-कॉइलच्या चुंबकासमोरून गेला की तिच्यात लहानसा विद्युत संकेत निर्माण होतो आणि मॉड्यूल प्राथमिक प्रवाह क्षणात तोडते. चुंबकीय क्षेत्र कोसळताना दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. तो रोटर, डिस्ट्रिब्युटरचे झाकण व प्लग वायर या मार्गाने स्पार्क प्लगपर्यंत पोहोचतो. रिलक्टर व संकेत-कॉइल यांतील अंतर साधारणतः ०.२ ते ०.४ मिमी असते. ते पितळी पट्टीने मोजावे. पोलादी पट्टी चुंबकाला चिकटून चुकीचे माप देते.

पॉइंट व ट्रान्झिस्टर यांच्या स्वभावात एक मोठा फरक आहे. पॉइंट हळूहळू खराब होतात व आधी सूचना देतात. गाडी ओढत नाही, सुरू व्हायला वेळ लागतो. ट्रान्झिस्टर मात्र मर्यादेपलीकडे प्रवाह, दाब वा उष्णता गेली की एकदम निकामी होतो. पॉइंटच्या काळात निरुपद्रवी ठरलेल्या दुरुस्तीच्या कित्येक सवयी त्यामुळे इलेक्ट्रॉनिक प्रणालीला घातक ठरतात.

मॉड्यूल पुनःपुन्हा जळण्याची कारणे

सर्वांत जास्त दुर्लक्षित कारण कॉइलचे आहे. बाहेरून एकसारख्या दिसणाऱ्या कॉइलचा प्राथमिक रोध वेगवेगळा असतो. पॉइंटसाठीच्या साध्या कॉइलचा रोध सुमारे ३ ओम, वेगळ्या मालिका-रोधकासह वापरायच्या कॉइलचा सुमारे १.५ ओम, तर उच्च ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनिक प्रणालीतील कॉइलचा १ ओमहूनही कमी असू शकतो. गाडी चालू असताना दाब १४ व्होल्ट धरला, तर ओमच्या नियमानुसार ३ ओमच्या कॉइलमधून जास्तीत जास्त सुमारे ४.७ अँपिअर, १.५ ओमच्या कॉइलमधून ९.३ अँपिअर आणि ०.७ ओमच्या कॉइलमधून २० अँपिअर प्रवाह वाहू शकतो. कमी रोधाच्या कॉइलसाठी बनविलेले मॉड्यूल हा प्रवाह स्वतः मर्यादित करते. तशी सोय नसलेल्या मॉड्यूलला ती कॉइल जोडल्यास ते काही दिवसांत जळते. ‘जास्त ताकदीची’ म्हणून विकली जाणारी कॉइल जुन्या संचाला लावण्यातील धोका हाच आहे. मालिका-रोधक अनावश्यक समजून काढून टाकल्यासही हाच परिणाम होतो.

दुसरे कारण उष्णतेचे. मॉड्यूलमध्ये निर्माण होणारी उष्णता त्याच्या धातूच्या तळातून डिस्ट्रिब्युटरच्या वा बॉडीच्या धातूत जावी लागते. यासाठी अनेक मॉड्यूलखाली उष्णतावाहक पेस्टचा पातळ थर देतात. मॉड्यूल बदलताना जुनी वाळलेली पेस्ट न खरवडता किंवा नवी न लावताच स्क्रू आवळले, तर नवे मॉड्यूल पहिल्यापेक्षाही लवकर जाते. तळाखाली रंगाचा वा गंजाचा थर असणे, एखादा स्क्रू नसणे, हेही तितकेच बाधक असते. एंजिन बंद केल्यावर पंखा व पाण्याचे अभिसरण थांबते आणि बॉनेटखालील तापमान काही वेळ उलट वाढते. गाडी दूर अंतर व्यवस्थित धावते, चहासाठी दहा-पंधरा मिनिटे थांबवली की सुरू होत नाही आणि अर्ध्या तासाने काहीच न घडल्यासारखी सुरू होते, या परिचित तक्रारीचे हे एक स्पष्टीकरण आहे.

उष्णतेचे हे कारण एकेकाळी न्यायालयापर्यंत गेले होते. फोर्ड कंपनीच्या १९८३ ते १९९५ या काळातील अनेक गाड्यांत मॉड्यूल थेट डिस्ट्रिब्युटरवर, म्हणजे एंजिनाच्या उष्णतेत बसविलेले होते. ते तापून गाड्या चालता चालता बंद पडतात, अशी तक्रार घेऊन ग्राहक कॅलिफोर्नियातील न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी २००० मध्ये त्या राज्यातील गाड्या परत बोलावण्याचा आदेश दिला आणि २००१ मध्ये उभयपक्षी तडजोड झाली. मॉड्यूल डिस्ट्रिब्युटरवरून काढून बॉडीच्या पत्र्यावर, एंजिनापासून दूर बसविणे हा उपाय जुन्या गाड्यांचे अनेक हौशी मालक आजही करतात. तसे करताना संकेत-कॉइलच्या वायरी प्लग वायरींपासून दूर न्याव्यात. अन्यथा उच्च दाबाचा उपसर्ग होऊन चुकीच्या वेळी ठिणगी पडते.

सैल किंवा गंजलेली अर्थिंग हे तिसरे कारण. मॉड्यूलचा परतीचा मार्ग बहुधा डिस्ट्रिब्युटरच्या धातूतून, एंजिन ब्लॉकमधून आणि एंजिन व बॉडी जोडणाऱ्या पट्टीतून जातो. क्लच वा गिअरबॉक्सच्या कामाच्या वेळी ही पट्टी काढली जाते आणि परत लावायची राहून जाते. तरीही गाडी सुरू होते, कारण प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलीतून वा अन्य आडमार्गाने परततो. मात्र मॉड्यूलला मिळणारा दाब अस्थिर होतो.

चौथे कारण दाबाच्या उसळीचे आहे आणि त्यात दुरुस्ती करणाऱ्याचा हात मोठा असतो. चालू एंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढून ‘डायनॅमो चार्ज करतो की नाही’ हे पाहण्याची पद्धत जुनी आहे. अल्टरनेटर असलेल्या गाडीत असे केल्यास बॅटरीचा आधार सुटून क्षणार्धात दाब अनेक पटींनी उसळतो व मॉड्यूल, रेडिओ आणि खुद्द अल्टरनेटरचे डायोड यांना इजा होते. ट्रकच्या २४ व्होल्टच्या बॅटरीवरून जम्प देणे, टर्मिनल उलटे लावणे आणि बॅटरी न काढता बॉडीवर वेल्डिंग करणे हेही त्याच जातीचे अपघात होत. यांपैकी काहीही झाले नसताना मॉड्यूल जात असतील, तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर तपासावा. चालू एंजिनावर बॅटरीच्या टोकांशी १३.८ ते १४.५ व्होल्टच्या आसपास दाब असावा. १५ व्होल्टच्या वर गेल्यास दोष तेथे आहे.

पाचवे कारण ठिणगीला वाट न मिळण्याचे. प्लग वायर तुटली, निसटली किंवा प्लगमधील अंतर झिजून फार वाढले, तर दुय्यम वेटोळ्यातील ऊर्जेला निघायला मार्ग राहत नाही. मग प्राथमिक बाजूचा दाब नेहमीपेक्षा चढतो आणि ट्रान्झिस्टरवर ताण येतो. कोणता सिलिंडर काम करीत नाही हे ओळखण्यासाठी चालू गाडीची एकेक प्लग वायर उपसून पाहण्याची पद्धत पॉइंटच्या गाडीत चालून जात असे. इलेक्ट्रॉनिक प्रणालीत तीच मॉड्यूलचा व कॉइलच्या आवरणाचा बळी घेऊ शकते. एलपीजी वा सीएनजीवर चालविल्या जाणाऱ्या गाड्यांत ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा अधिक दाब लागतो. त्यामुळे अशा गाड्यांचे प्लग व वायरी लवकर तपासाव्यात.

याखेरीज एंजिन बंद ठेवून किल्ली चालू स्थितीत सोडून देणे, उदाहरणार्थ रेडिओ ऐकण्यासाठी, हेही काही प्रणालींना मारक असते. ज्या मॉड्यूलमध्ये एंजिन थांबल्यावर प्रवाह आपोआप तोडण्याची सोय नाही, त्यांतून कॉइल सतत तापत राहते.

मॉड्यूलवर चुकीने येणारा आळ

गरम झाल्यावर बंद पडणे व थंड झाल्यावर सुरू होणे हे लक्षण मॉड्यूलचे मानले जाते, परंतु ते त्याच्या एकट्याचे नाही. यांत्रिक इंधन पंप व कार्ब्युरेटर असलेल्या गाडीत उन्हाळ्यात पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा खुंटतो. पंपावर ओले फडके ठेवले की गाडी सुरू होते. त्याच अर्ध्या तासात कोणी मॉड्यूल बदलले असेल, तर श्रेय त्याला मिळते. एंजिन बंद पडलेल्या क्षणीच ठिणगी आहे की नाही हे पाहिल्याशिवाय हा संशय फिटत नाही. गाडीत एंजिनाच्या फेऱ्या दाखविणारा काटा असल्यास तो उपयोगी पडतो: प्राथमिक मंडल तुटल्यास एंजिन अजून फिरत असतानाच काटा एकदम शून्यावर येतो, इंधन संपल्यास तो एंजिनाच्या गतीबरोबर उतरतो.

दुसरा फसवा दोष संकेत-कॉइलच्या वायरींचा. व्हॅक्यूममुळे टायमिंग पुढे नेणारी तबकडी ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर हलते आणि तिच्याबरोबर या बारीक वायरीही वाकतात. काही वर्षांनी आतील तांबे तुटते, बाहेरचे आवरण मात्र शाबूत राहते. गाडी उभी असताना मीटर योग्य रोध दाखवितो, चालताना जोडणी तुटते. मीटर जोडलेला ठेवून तबकडी हाताने किंवा व्हॅक्यूम नळी ओढून हलवावी. आकडा उड्या मारू लागला तर दोष सापडला. डिस्ट्रिब्युटरचा दांडा बुशमध्ये खेळत असल्यास रिलक्टरचे अंतर प्रत्येक फेरीत बदलते व अशीच खोडी दिसते.

स्टार्टर फिरत असताना एंजिन पेट घेते, किल्ली सोडताच बंद पडते, अशा वेळी किल्लीच्या स्विचचा झिजलेला संपर्क किंवा तुटलेला मालिका-रोधक शोधावा. बोनेटखाली उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हा विनोदाचा विषय नव्हे. महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत प्रथम त्याच पाहाव्यात.

तपासणीचा क्रम

वारंवार बिघाड होणाऱ्या गाडीत मॉड्यूल विकत घेण्यापूर्वी मल्टिमीटर हाती घ्यावा. साधा डिजिटल मल्टिमीटर व ठिणगी तपासण्याचा समायोज्य टेस्टर एवढ्यावर बहुतेक निदान होते. बॅटरी पूर्ण भरलेली नसल्यास पुढील मापने निरर्थक ठरतात, म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी.

त्यानंतर दाबाची घट मोजावी. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला व दुसरे डिस्ट्रिब्युटरच्या बॉडीला लावून एंजिन चालू ठेवल्यास आकडा ०.१ ते ०.२ व्होल्टपेक्षा जास्त नसावा. धन बाजूला बॅटरी व कॉइलचे धन टोक यांत, मालिका-रोधक नसलेल्या गाडीत, अर्ध्या व्होल्टहून अधिक घट असल्यास स्विच, फ्यूज व जोडण्या एकेक करून पाहाव्यात. रोध मोजून अर्थिंगची खात्री होत नाही. शंभरपैकी एकच तार शिल्लक असलेली केबलही मीटरवर जवळजवळ शून्य ओम दाखविते; तिच्यातून प्रवाह वाहू लागल्यावरच घट दिसते. या कारणामुळे वारंवार जळणाऱ्या मॉड्यूलच्या कित्येक गाड्या ‘सगळे ठीक आहे’ असा शेरा घेऊन गॅरेजमधून परत येतात.

पुढे कॉइलचा प्राथमिक व दुय्यम रोध, थंड असताना आणि पुन्हा गरम असताना, मोजावा. दुय्यम रोध सामान्यतः काही हजार ओममध्ये असतो. नेमके आकडे त्या गाडीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतून घ्यावेत. मॉड्यूल कोणत्या रोधाच्या कॉइलसाठी आहे हे त्याच्या वेष्टनावर वा माहितीपत्रकात दिलेले असते. दोन्ही आकडे जुळत नसतील, तर पुढील तपासणीची गरज उरत नाही.

डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाची आतील बाजू उजेडात पाहावी. टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी काळी बारीक रेघ असल्यास वीज तिच्यावरून पळते. ती घासून जात नाही, झाकणच बदलावे लागते. रात्री अंधारात चालू एंजिनाकडे पाहिल्यास फुटलेल्या प्लग वायरींवरील निळसर ठिणग्या सहज दिसतात. वायरी परत लावताना ज्वलनक्रम सांभाळावा: मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांत तो १-३-२ आहे, पद्मिनीच्या चार सिलिंडरांत १-३-४-२.

दोष गरम झाल्यावरच येत असेल, तर तो मुद्दाम घडवून आणावा लागतो. केस वाळविण्याच्या यंत्राने आधी मॉड्यूल, मग काही वेळाने कॉइल व संकेत-कॉइल स्वतंत्रपणे तापवावी. ज्या भागाच्या वेळी ठिणगी जाते तो भाग दोषी. तिन्ही भाग एकदम बदलल्यास गाडी दुरुस्त होते, परंतु कारण कळत नाही आणि दोष अर्थिंगमध्ये असल्यास तो पुन्हा उद्भवतो.

जालना जिल्ह्यातील परिस्थिती

मराठवाड्यातील जालना जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास वा त्याहून अधिक असते. ‘एमएच-२१’ क्रमांकाच्या जुन्या गाड्या बहुधा उघड्यावर उभ्या राहतात. अशा गाडीचे मॉड्यूल सुरू होण्यापूर्वीच तापलेले असते. जून महिन्यात चित्र पालटते. उन्हाळाभर साचलेल्या धुळीवर पहिल्या पावसाचा ओलावा बसला की झाकण व कॉइलच्या तोंडाशी विजेची गळती सुरू होते आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. तेथे मॉड्यूलचा काही संबंध नसतो. झाकण, कॉइलचे तोंड व वायरी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसणे पुरेसे ठरते.

जालना शहर पोलाद उद्योगासाठी ओळखले जाते व वेल्डिंगची सोय सर्वत्र आहे. जुन्या गाडीचा गंजलेला तळ वा सायलेन्सर जोडून घेताना बॅटरीची दोन्ही टर्मिनले सोडवून ठेवण्यास सांगणे मालकाच्या हिताचे असते.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये वाहतुकीस खुला झाला. अंबड, भोकरदन वा मंठ्याच्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी ढकलून कडेला घेता येते. १२० किमी वेगाच्या वाहतुकीत प्रज्वलन अचानक जाणे हा मात्र जिवाशी गाठ असलेला प्रसंग आहे. अधूनमधून बंद पडणारी गाडी निदान होईपर्यंत अशा मार्गावर नेऊ नये.

१९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अनिवार्य झाले. तेथून जुनी म्हणून विकत घेतलेल्या गाडीत हा भाग असू शकतो. ठिणगी चुकत असताना गाडी तशीच चालविल्यास न जळालेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो अतिशय तापतो. अशी गाडी वाळलेल्या गवतावर किंवा कडब्याजवळ उभी केल्यास आग लागू शकते. खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणास येते, तेव्हा प्रदूषण चाचणीतही ठिणगी चुकणाऱ्या एंजिनाचा धूर आड येतो.

सुरक्षितता व सुटे भाग

इलेक्ट्रॉनिक प्रणालीचा दुय्यम दाब २० ते ४० हजार व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. चालू एंजिनावर प्लग वायर उघड्या हाताने धरू नये. हृदयात पेसमेकर असलेल्या व्यक्तीने तेथे वाकून पाहणेही टाळावे. ठिणगी पाहण्यासाठी वायर एंजिनापासून दूर, मोकळी धरू नये. टेस्टर नसल्यास जादा स्पार्क प्लग वायरीला लावून त्याचे धातूचे अंग एंजिनाला पक्के टेकवावे, आणि त्या वेळी कार्ब्युरेटरजवळ पेट्रोल सांडलेले नाही याची खात्री करावी.

बाजारात नामांकित कंपन्यांच्या वेष्टनातील नकली मॉड्यूल व कॉइल मिळतात. बिल घ्यावे, कॉइलचा रोध दुकानातच मोजून घ्यावा. पॉइंटच्या गाडीत नंतर संच बसविलेल्या मालकांनी मूळ पॉइंट, कंडेन्सर व तबकडी एका पुड्यात बांधून डिकीत ठेवावी. संच वाटेत गेल्यास स्क्रू ड्रायव्हर व पट्टीच्या साह्याने अर्ध्या तासात जुनी व्यवस्था परत बसविता येते. त्यासाठी संच बसवितानाच कॉइल दोन्हींना चालेल अशी, सुमारे ३ ओमची, निवडलेली असावी लागते.